गणसंख्या पूर्ण, सेक्रेटरी गैरहजर

खोलीत धूर शिरतोय, डोळे चुरचुरताहेत, खोकला येतोय आणि माणूस मान खाली घालून फॉर्म भरतोय. हे सरकारी कचेरीतलं दृश्य नव्हे. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांवर केलेला हा प्रयोग. एकट्याने बसलेल्यांपैकी ७५ टक्के जण उठून धुराची तक्रार करायला गेले. शेजारी दोन मख्ख माणसं मुद्दाम बसवली, तेव्हा उठला तो दहातला एक. शेजारचा घाबरत नाही, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार!

दुसऱ्या प्रयोगात इंटरकॉमवर बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के लगेच धावले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा ३१ टक्के. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. गणसंख्या पूर्ण असते, सूचनांना तोटा नसतो. सेक्रेटरी व्हा म्हटलं की सगळे पंख्याकडे बघतात.

या संशोधनाला निमित्त झाली एक बातमी. १९६४ मध्ये क्वीन्स भागात किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ शेजारी नुसते बघत राहिले, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं. पाठ्यपुस्तकांनी तो आकडा पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला. पुढे कळलं की संपूर्ण हल्ला कोणीच पाहिला नव्हता आणि एक शेजारीण तर धावत येऊन तिला कवेत धरून बसली होती. त्या पेपरने बातमीतल्या चुका स्पष्ट कबूल केल्या त्या २०१६ मध्ये, खुन्याच्या मृत्युलेखात. बघ्यांना अर्ध्या तासाचा उशीर झाला म्हणून झोडपणाऱ्यांना स्वतःला बावन्न वर्षं लागली.

बरं, गर्दी इतकी निगरगट्ट असते का? अ‍ॅमस्टरडॅम, केप टाउन आणि लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण अभ्यासकांनी तपासलं. दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. ११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हा रुळांकडेच्या झोपड्यांतली माणसं चादरी घेऊन धावली आणि त्यांतून जखमींना उचलून नेलं. स्फोटाचा आवाज ऐकल्यावर ‘खरंच काही झालंय का’ हे शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावं लागत नाही.

चौकात दुचाकी घसरली की मात्र सभा भरते. आधी गाडी उचलून स्टँडवर लावली जाते, चावी टपरीवाल्याच्या गल्ल्यात जमा होते. मग पडलेल्याकडे लक्ष जातं. एक म्हणतो पाणी पाजा, दुसरा म्हणतो थेंबही देऊ नका. तिसरा हुंगवायला कांदा मागतो. फिट आलेली नाही हे त्याला कोणी सांगत नाही. चौथा ‘अहो, कुणीतरी अँब्युलन्स बोलवा’ असं ओरडतो. फोन त्याच्याच हातात असतो, पण त्यावर शूटिंग चालू असतं.

उरलेल्यांना कोर्टाच्या तारखा दिसतात. खरं तर २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ही त्याची मर्जी. शिवाय गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्राच्या ‘राह-वीर’ योजनेत २५ हजार रुपये. ते मंजूर करायला जिल्हाधिकारी, पोलीस, आरोग्य आणि परिवहन खातं यांची समिती बसते. जखमी उचलणारा पुढे येईना, आणि त्याला शाबासकी द्यायला चार खाती सज्ज!

प्रथमोपचाराच्या वर्गात यावर साधा तोडगा शिकवतात. गर्दीला हाक मारायची नाही, एकाला बोट दाखवून सांगायचं: ‘अहो चष्मेवाले काका, तुम्ही १०८ लावा.’ काका लावतात. पलीकडून पत्ता विचारला जातो. काका चौकाचं नाव सांगतात, तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘ते जुनं नाव झालं, नवीन सांगा!’ आणि इतका वेळ गप्प उभे असलेले सगळे एकदम बोलू लागतात.