मनाची हजेरी

चंदीगडच्या पीजीआयमध्ये 30 एप्रिल 2023 रोजी नर्सिंगचे 36 विद्यार्थी गैरहजर राहिले. वॉर्डात नव्हे. वॉर्डात राहिले असते तर ही बातमी सेक्टर 12 च्या फाटकाबाहेरही आली नसती. ते गैरहजर राहिले पंतप्रधानांच्या रेडिओवरच्या ‘मन की बात’ला. वार रविवार, वेळ सकाळी 11, भाग शंभरावा.

शंभरावा भाग म्हणजे घरचं कार्य होतं. सरकारने त्यासाठी 100 रुपयांचं खास नाणं काढलं, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तो ऐकवला गेला. तिथे कोण आलं, कोण नाही, याची यादी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. चंदीगडला झाली. पीजीआयच्या नर्सिंग कॉलेजने पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाला आधीच लेखी बजावलं होतं, की लेक्चर थिएटरमध्ये येणं सक्तीचं आहे. दुसऱ्या आणि चौथ्या वर्षाला मन नसावं. आले नाहीत त्यांत तिसऱ्या वर्षाचे 28, पहिल्याचे 8. हा हिशेब मला फार बोलका वाटतो. पहिल्या वर्षाचं पोर अजून वॉर्डनच्या चपलांच्या आवाजाला दचकतं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच्या नाइट ड्युट्या झालेल्या असतात, आणि रविवारची झोप कशाशी खातात हे त्याला नीट कळलेलं असतं.

3 मेला आदेश निघाला: या 36 जणांनी आठवडाभर होस्टेलबाहेर जायचं नाही.

तारीख बघून ठेवा. कोरोनाच्या साथीत, 3 मे 2020 ला, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभरातल्या रुग्णालयांवर फुलं उधळली होती. त्याआधी थाळ्या वाजवून झाल्या होत्या, दिवे लावून झाले होते. बरोब्बर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच पेशाच्या पोरांना विलगीकरणाचा आदेश. लक्षण एकच, ऐकू न येणं.

नर्सिंगच्या विद्यार्थ्याला केअर प्लॅन नावाचं एक प्रकरण लिहावं लागतं. पट्टीने उभ्या रेघा मारायच्या आणि रकाने भरायचे: आकलन, निदान, उद्दिष्ट, उपाय, मूल्यमापन. समोर पेशंट कण्हत असतो आणि पोर रेघ सरळ आली का ते बघत असतं. निदानाच्या रकान्यात ‘टायफॉइड’ लिहिलं की मॅडम वही परत करतात. रोगाचं नाव काढणं डॉक्टरांचं काम. तुम्ही लिहायचं ते पेशंटला काय होतंय ते, म्हणजे ‘तापामुळे शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका’. शिक्षण म्हणून ही पद्धत उत्तम आहे. फक्त आदेश काढणाऱ्यांनीही ती एकदा वापरून बघायला हवी होती. आकलन: 36 खुर्च्या रिकाम्या. निदान: वरपर्यंत कळलं तर काय, या विचाराने अधिकाऱ्याच्या छातीत वाढलेली धडधड. उद्दिष्ट: धडधड थांबवणे. उपाय: भलत्याच माणसाला सात दिवस कोंडणे. या वहीला कुठल्याही मॅडमनी सही दिली नसती.

हजेरीचं म्हणाल तर नर्सिंगइतकी कडक हजेरी आपल्याकडे फार थोड्या अभ्यासक्रमांत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात 80 टक्के हजेरी हवी, आणि पदवी हातात पडण्यापूर्वी क्लिनिकलची 100 टक्के. आजारी पडलात तरी राहिलेली ड्युटी नंतर भरून द्यावी लागते. हे योग्यच आहे. सलाइन लावायला शिकताना तीन तास बुडालेली सिस्टर तुमच्या-माझ्या हाताला परवडणारी नाही. पण रेडिओवरच्या भाषणाची हजेरी यातल्या कुठल्या रकान्यात धरायची? थिअरी की क्लिनिकल?

गवगवा झाल्यावर संस्थेने खुलासा केला, तोही वाचनीय होता. तज्ज्ञांची भाषणं ऐकवणं हा नेहमीच्या शिक्षणाचाच भाग आहे. शिवाय आधीच्या भागात पंतप्रधान अवयवदानाबद्दल बोलले होते. ते खरंच बोलले होते. पीजीआयमध्ये ज्या अवघ्या 39 दिवसांच्या बाळाचे अवयव दान झाले, त्याच्या अमृतसरच्या आईवडिलांशी. तो भाग 99 वा. तो वर्गात लावून, नंतर अवयवदानाच्या वेळी नातेवाइकांशी कसं बोलावं यावर तासभर चर्चा घेतली असती, तर मी स्वतः रविवारी उठून गेलो असतो.

आता याच विद्येचं दुसरं टोक. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचा घोटाळा कोर्टात गेला, कोर्टाने सीबीआयला कॉलेजं तपासायला सांगितलं. मे 2024 मध्ये त्या तपासणीतलाच सीबीआयचा इन्स्पेक्टर कॉलेजांना चांगला शेरा देण्यासाठी लाच घेताना पकडला गेला. चंदीगडला एका रविवारी मुलं गैरहजर, तर तिथे काही ठिकाणी कॉलेजच गैरहजर. मुलं दिसतात म्हणून त्यांना शिक्षा करता येते. इमारत जागेवर नसेल तर तिला कुठल्या होस्टेलात कोंडणार?

आपल्या महाराष्ट्राने फार हसू नये. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा सरकारी रुग्णालयांतल्या नर्सेसही त्यात उतरल्या आणि कित्येक वॉर्डांचा भार नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या खांद्यावर आला. एरवी ज्या पोराला औषध देताना शेजारी स्टाफ लागतो, ते पोर संपाच्या आठवड्यात एकाएकी तयार होतं. संप मिटला की पुन्हा अडाणी. मंत्री येणार असले, की हॉल भरायला तेच पांढरे अ‍ॅप्रन. आरोग्य दिनाची प्रभातफेरी, तेच. फीत कापताना तबक कोण धरणार, तर तेच. आणि याला वर ‘सर्वांगीण विकास’ म्हणायचं! वर्षाअखेरीस लॉगबुकात प्रोसिजर कमी भरल्या, तर मात्र विचारतात, ‘इतके दिवस करत काय होतात?’

पीजीआय ही काही ऐरीगैरी संस्था नव्हे. 1962 ची स्थापना, संसदेच्या कायद्याने 1967 पासून राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा. पंजाब, हरयाणा, हिमाचलचे पेशंट तिथे पहाटेपासून रांग लावतात. तिथे नर्सिंग शिकलेलं माणूस कुठेही डोळे झाकून घ्यावं. अशा संस्थेने शेवटी कबूल केलं, की आदेशात उत्साह जरा जास्तच झाला, आणि कॉलेजला आपली नाराजी कळवल्याचंही सांगितलं. हे सगळं जाहीर झालं 12 मेच्या आंतरराष्ट्रीय परिचारिका दिनाच्या तोंडावर. तोवर 3 मेपासूनचा आठवडा उलटून गेला होता. औषधाचा कोर्स मध्येच थांबवायचा नसतो, हे तिथे पहिल्याच वर्षी शिकवतात.