अण्णांचं घर

ज्येष्ठ नागरिक संघाने व्याख्यानाला मला बोलावलं, ते माझ्या व्यासंगामुळे नव्हे. सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन तासांत एकदाही आवाज न चढवणारा मी एकटाच होतो, हे संघाच्या चिटणिसांनी हेरलं. मी झोपलो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. विषय मिळाला, ‘दैनंदिन शिष्टाचार आणि समतोल जीवन’. त्याच आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी कागदावर एक ताट काढून दिलं. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव ताटात डाळ, उरलेल्या पावात भाकरी. चित्र सुबक होतं. फक्त त्यात जेवण कुठे दिसेना.

अशा अवस्थेत अण्णांचा फोन आला. अण्णा आमच्या ऑफिसात रेकॉर्डला होते. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यांचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गावाचा काही दोष नाही. “चैत्रातली यात्रा आहे. जेवायलाच या,” एवढंच ते म्हणाले. आदल्या दिवशी जुन्नर पाहायचं, मग अण्णांकडे एक भाकरी खाऊन परत, असा बेत मी आखला. बायको गुडघ्यांमुळे येणार नव्हती. निघताना तिने बजावलं, “तिथे नाही म्हणायला शिका. तुम्हाला नाही म्हणता येत नाही.” मी तिला व्याख्यानाचा तिसरा मुद्दा वाचून दाखवला. ‘सौजन्यपूर्ण नकार’ असं त्याचं शीर्षक होतं.

कल्याणला एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मुद्दा दुसरा होता ‘रांगेची शिस्त’, पण तो अजून लिहून व्हायचा होता. आम्ही मुलुंडकर मुळात चौथ्या सीटवर घडलेली माणसं. तिघांच्या बाकड्यावर चौथ्याने नुसती मान हलवायची, तिसऱ्याने पेपरातून डोकं न काढता दोन बोटं सरकायचं. कुणी कुणाला प्लीज म्हणत नाही की थँक्यू म्हणत नाही. समतोल जीवन म्हणजे काय, ते मला पस्तीस वर्षं एका कुल्ल्यावर बसून कळलेलं आहे.

शेजारचा मुलगा मोबाइल मोठ्याने लावून रील बघत होता. याची मला फार चीड आहे. दुसऱ्याच्या कानात आपली करमणूक ओतण्याचा हक्क लोकांना कुणी दिला? मी मुद्दाम खोकलो. त्याने खिशातून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि आवाज तसाच राहू दिला. गोळी घेतल्यावर भांडता येत नाही.

माळशेज घाट चैत्रात म्हणजे नळ बंद केलेलं न्हाणीघर. पुढे ओतूर. तिथल्या कपर्दिकेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. पाण्याचा थेंब नाही, तरी तांदूळ घसरत नाहीत. मी ताटात वाढलेल्या भाताचं आळं केलं तरी आमटी फुटून बाहेर येते. आळेफाट्याला गाडी बदलली. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी जवळच आळे गावात आहे. वीस मिनिटांचं व्याख्यान पाठ होत नसलेल्या माणसाने तिथे फार वेळ न रेंगाळलेलं बरं.

जुन्नरला शिवनेरी खालूनच पाहिला. गुडघ्यांनी दिवसाला एकच डोंगर मंजूर केला होता आणि मी लेण्याद्री निवडला. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. मी प्रत्येक पन्नाशीला निसर्गसौंदर्य पाहिलं. वर गिरिजात्मज आहे ते मूळचं बौद्ध लेणं. एवढं थोरलं दालन आणि आत एकही खांब नाही. छत नुसत्या भिंतींवर शतकानुशतकं उभं. मी खांबाला टेकायच्या तयारीने आत गेलो आणि फसलो. उतरताना एका माकडाने माझ्या शर्टाच्या खिशातून डॉक्टरांचा कागद काढला, उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिला, हुंगला आणि टाकून दिला. तो मी उचलून परत खिशात ठेवला. आपल्यात आणि माकडात काही फरक हवा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फाट्यावर उतरलो. गावाच्या अलीकडे बैलगाडा शर्यतीचा घाट होता आणि कर्ण्यातून निवेदकाचं “भिर्रर्रर्र” आभाळभर पसरलं होतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. मधल्या वर्षांची कसर हा निवेदक एकटा भरून काढत असावा. अण्णांना फोन लावला तर त्यांच्याकडूनही तेच “भिर्रर्र” ऐकू आलं आणि फोन बंद पडला. अंगभर गुलाल माखलेल्या एका पोराला विचारलं, “अण्णांचं घर कुठलं रे?”

“कोन्तं अण्णा?”

मी आडनाव सांगितलं. पोरगं हसलं. नंतर कळलं की अर्ध्या गावाचं आडनाव तेच आहे. तरी त्याने मला हाताला धरून एका मोठ्या दारासमोर नेऊन उभं केलं. “ह्ये अण्णांचं घर.”

“या पाव्हणं, या!” आतून आवाज आला. पाय धुवायला पाणी, मग तांब्या-भांडं, मग थेट पंगत. अण्णा दिसले नाहीत. घाटावर असतील, असं मी धरून चाललो. तुम्ही कोण, कुठले, असं कुणी विचारलं नाही, आणि यजमानाला ‘तुम्ही कोण’ असं विचारणं माझ्या पहिल्याच मुद्द्यात बसत नव्हतं. मी बसलो.

पानात मासवडी आली. मासवडीत मासा नसतो. बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं. वर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं आणि फडक्यानेच गुंडाळी करून तिला माशासारखा आकार द्यायचा. मग वड्या पाडायच्या. कापलेल्या वडीच्या पोटात सारणाची काळसर रेघ दिसते. शेजारी काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, मागून पुरणपोळी आणि गुळवणी. डॉक्टरांच्या ताटाशी मी मनातल्या मनात मेळ घालून पाहिला. बेसन म्हणजे डाळ, म्हणून ते पाव ताट. कांदा-लसूण ही भाजी, म्हणून ते अर्धं. हिशेब चोख बसला. त्याच हिशेबाने मी आठ वड्या खाल्ल्या.

नवव्या वडीला मान वर केली तर समोरच्या भिंतीवर फोटो. टोपी, भरघोस मिशा, फोटोला चंदनाचा हार. खाली लिहिलेलं ‘कै.’ आणि त्यापुढे आमच्या अण्णांचं आडनाव.

घास घशातच राहिला. फोटोत अण्णा ओळखू येईनात. पण माणूस गेल्यावर फोटो कुठला तरी तरुणपणीचा लावतात. मंगळवारी फोन केला होता! मघाशी फोन बंद पडला तो याच्यामुळे? आणि घरात सुतक असताना मी पुरणपोळीवर तूप मागून घेतलं होतं. वाढणाऱ्या सुनेला खालच्या आवाजात विचारलं, “हे... कधी झालं?”

“बारा वर्सं झाली की,” ती म्हणाली. “भाकर देऊ?”

बारा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने मंगळवारी मला जेवायला बोलावलं, एवढी भारदस्त यात्रा असेल असं मला वाटलं नव्हतं. मग हळूहळू उजेड पडला. घर चुकलं होतं. बोलावणं दुसऱ्या अण्णांचं होतं, आणि मी एका परक्या कुटुंबाच्या पंगतीत आठ वड्या, दोन भाकऱ्या आणि एक पुरणपोळी उडवून बसलो होतो. अशा वेळी काय करावं, याबद्दल माझ्या तेरा पानी टिपणांत अक्षर नव्हतं. उठून माफी मागावी, तर हात उष्टा. न सांगता जेवत राहावं, तर ती चोरी.

एवढ्यात भिंतीशी बसलेल्या म्हातारबाई पुढे सरकल्या. त्यांनी मला निरखून पाहिलं.

“दादा, तुमी त्यांच्या डब्याचे का?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच पट्ट्यातले, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं, तेव्हापासून या गावांत घरटी कुणी ना कुणी दुसऱ्याच्या घरचं जेवण डोक्यावर घेऊन लोकलमध्ये चढत आलं आहे. २००३ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले होते. फोटोतल्या अण्णांनी तीस वर्षं डबे पोहोचवले होते. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी यात्रेला आला असेल, असं म्हातारबाईंना वाटत होतं.

मीही पस्तीस वर्षं डबा खाल्ला. सकाळी बायको दाराशी द्यायची, दुपारी टेबलावर यायचा, संध्याकाळी रिकामा घरी जायचा. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे असायचे. त्यातलं एकही मला कधी वाचता आलं नाही. आणि दर वर्षी चैत्रात, यात्रेचे दिवस आले की डबेवाले पाच-सहा दिवस गावाला जायचे. एका वर्षी कँटीनच्या मिसळीने पोट बिघडलं, तेव्हा मी संतापून वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिलं होतं. ‘ग्राहकांची गैरसोय टाळण्यासाठी रजा टप्प्याटप्प्याने घेण्याचा शिष्टाचार पाळावा’ अशा मजकुराचं ते पत्र छापूनही आलं. कात्रण अजून फायलीत आहे. रोज डबा आणणाऱ्या माणसाचं नाव मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

“फोर्टला होतो, मावशी,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

“फोर्टाचाच डबा व्हता त्यांचा.” त्यांचं समाधान झालं. जरा थांबून त्यांनी विचारलं, “येळंवर यायचा न्हवं?”

“साडेबाराला,” मी म्हणालो. “पावसात, लोकल बंद असतानासुद्धा.”

म्हातारबाई काही बोलल्या नाहीत. पदराने नाकाचा शेंडा पुसला आणि सुनेला म्हणाल्या, “वाढ गं त्यांना.” नवव्या वडीला मी नाही म्हटलं नाही. दहाव्यालाही नाही.

मग फोन वाजला. खरे अण्णा. “अहो कुठे आहात? पान वाढलंय!”

चार घरं सोडून त्यांचं घर. “ते थोरलं अण्णा. आम्ही धाकटं,” ते शांतपणे म्हणाले, “गावात विचारताना धाकटं म्हणायचं असतं.” पान मांडलेलं होतं. मासवडी, रस्सा, भाकरी, पुरणपोळी. मी सौजन्यपूर्ण नकार सुरू केला. जेवून आलो म्हटलं, तर अण्णांच्या वहिनी म्हणाल्या, “ते तिकडलं. हितलं जेवा.” डॉक्टरांचा कागद दाखवला, तो त्यांच्या नातवाने उलटा धरून त्याचं विमान केलं. शेवटी पानावर दोन्ही हात आडवे धरले. आमच्याकडे हात आडवा म्हणजे पूर्णविराम. इथे वहिनींनी रस्सा सरळ माझ्या बोटांवर ओतला, तो बोटांच्या फटींतून पानात पोहोचला, आणि भाजलेलं बोट तोंडात घालताना माझ्या तोंडून “मस्त झालाय” निघून गेलं. ते त्यांनी अजून थोडा वाढा असं ऐकलं.

या मुलखात देणाऱ्याचा हात कधीच मोजून चाललेला दिसत नाही. जुन्नरच्या पलीकडे नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेने दोन हजार वर्षांपूर्वी यज्ञात दिलेल्या दक्षिणेची यादी दगडात कोरून ठेवली आहे. त्यात गायी हजारांनी आहेत. घेणाऱ्या ब्राह्मणांनी नको नको म्हटल्याचा उल्लेख त्या लेखात नाही. त्यांनी म्हटलं असेल. राणीने बोटांवर ओतलं असेल.

बैलगाडे पाहिले ते बसून, आणि बसलो ते कुणाच्या तरी आधाराने.

फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो, तेव्हा मोटरसायकलवर तोच गुलाली पोरगा आला. म्हातारबाईंचा नातू निघाला. त्याने माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. “आज्जीनं दिलाय. मासवडी हाय. खरे अण्णा वेगळेच होते ना तुमचे?”

“हो रे,” मी म्हणालो. “आजीला सांगितलंस?”

“तिला म्हाईत हाय,” तो म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

कल्याणहून घरी जाताना लोकलला मरणाची गर्दी. डबा मांडीवर घेऊन चौथ्या सीटवर बसलो. तिसरा दोन बोटं सरकला, मग डबा पाहून आणखी दोन बोटं. झाकणावर यंत्राने कोरलेलं नाव होतं, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं, खाली साल. नाव मी वाचलं. इथे लिहीत नाही.

व्याख्यान झालं. तिसरा मुद्दा गाळला. डबा घासून ओट्याच्या कडेला ठेवलाय, आणि दर दोन-तीन दिवसांनी आमच्या घरात त्यावरून वाद होतो. रिकामा डबा परत करायचा नसतो, एवढ्यावर आमचं एकमत आहे. बायको म्हणते रव्याचे लाडू, मी म्हणतो चैत्रापर्यंत टिकेल असं काहीतरी. ती म्हणते, चैत्रापर्यंत थांबायलाच कशाला हवं, पत्ता द्या, कुरियरने पाठवू. पत्ता मला माहीत आहे. थोरल्या अण्णांचं घर. त्यावर कुरियरवाला पिनकोड मागतो.