न दिसणाऱ्या देवाची गर्दी

तोक्योच्या असाकुसा भागातलं सेन्सोजी हे बौद्ध मंदिर पाहून आलेल्या मराठी माणसाची तक्रार ठरलेली असते: मंदिर कसलं, बाजारच तो! लाल कंदिलाखाली फोटो काढला, खाऊ घेतला, धूप अंगावर ओढून घेतला, पेटीत नाणं टाकलं, आणि मूर्ती? मूर्ती काही दिसली नाही. हे शेवटचं वाक्य तो जरा दबक्या आवाजात उच्चारतो, कारण विमानाचं भाडं घरच्यांना ठाऊक असतं. माझं म्हणणं असं की त्याच्या यादीतली गर्दी, दुकानं आणि एकूण मोकळंढाकळं वातावरण हे सगळं त्या शेवटच्या वाक्यामुळेच शक्य झालेलं आहे. देव दिसत नाही, म्हणून ते देऊळ सुखाने चालतं.

आख्यायिका अशी की इ.स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात कान्नोन या बोधिसत्त्वाची छोटी मूर्ती आली आणि गावच्या मुखियाने आपल्या घराचंच देऊळ केलं. पुढे ६४५ मध्ये एका भिक्षूने मूर्ती कायमची झाकली. तेव्हापासून ती कुणालाही दाखवत नाहीत, पुजाऱ्यांनाही नाही. १३ डिसेंबरला दर्शनासाठी काही वेळ उघडतात ती तिची प्रतिकृती. आता या एका निर्णयाने काय काय वाचलं याचा हिशेब मांडा. आपल्याकडे पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी, पदस्पर्शाची वेगळी. इतर मोठ्या देवस्थानांत पासाची, ओळखीची आणि ‘साहेबांचा फोन आला होता’ची आणखी निराळी. सेन्सोजीत पास काढायचा तर कशाचा? पुढच्या दाराने जा की मागच्या, दिसणार ती बंद पेटी. पंतप्रधानांनाही तीच, आणि सहलीला आलेल्या शाळकरी पोरालाही तीच. ‘चला, पुढे चला’ म्हणत खांद्याला धरून सरकवणारा सेवेकरी ठेवायची गरज तिथे पडत नाही, कारण जिथे बघण्यासारखं काही नाही तिथे कुणी फार वेळ रेंगाळतही नाही.

यावर आक्षेप येतो तो असा: ठीक आहे, पण मग उरला तो निव्वळ बाजार! नाकामिसे ही सुमारे अडीचशे मीटरची गल्ली, दोन्ही बाजूंना नव्वदच्या आसपास दुकानं, देवाकडे जाणारी वाट अशी खाऊच्या वासातून काढतात का? इतिहास सांगतो की हा बाजार देवळावर आक्रमण करून बसलेला नाही. एदो काळात आसपासच्या रहिवाशांकडे आवाराच्या झाडलोटीचं काम होतं आणि त्याच्या बदल्यात त्यांना दुकानं मांडायची परवानगी मिळाली. म्हणजे आधी झाडू, मग गल्ला. हा क्रम आपल्या महापालिकांनीही विचारात घ्यायला हरकत नाही. शिवाय कान्नोन काही आपल्याला परके नाहीत. ते आपले अवलोकितेश्वर. चीनमार्गे जाताना वाटेत त्यांनी स्त्रीरूपही घेतलं, एवढंच. बोरिवलीजवळच्या कान्हेरीला नव्वद क्रमांकाच्या लेण्यात भक्तांना संकटांतून सोडवणारे अवलोकितेश्वर कोरलेले आहेत, आणि त्या संकटांत बुडणारं गलबतही आहे. गलबत बुडण्याची भीती ध्यानस्थ भिक्षूपेक्षा माल भरलेल्या व्यापाऱ्याला जास्त. कल्याण-सोपाऱ्याच्या दानशूरांची नावं तिथल्या शिलालेखांत आजही वाचता येतात. तेव्हा कामिनारीमोन या प्रवेशद्वारातल्या त्या अवाढव्य लाल कंदिलाच्या तळाशी एका विद्युत-उपकरणांच्या कंपनीचं नाव दिसलं, तर नाक मुरडायचं कारण नाही. १८६५ मध्ये जळालेला तो दरवाजा तब्बल पंचाण्णव वर्षं कुणी कायमचा उभारला नव्हता. त्या कंपनीचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांनी आजारातून बरं झाल्यावर १९६० मध्ये दरवाजाही दिला आणि कंदीलही. आपल्या सभामंडपातल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ वाचत मोठ्या झालेल्या समाजाने तरी या बाबतीत जपून बोलावं.

दुसरा आक्षेप जास्त तिखट आहे: याला ऐतिहासिक म्हणता, पण मुख्य मंदिर तर सिमेंटचं! खरंच आहे. १० मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात जुनं लाकडी मंदिर जळालं, आताचं १९५८ चं, आणि छपरावरची कौलं चक्क टायटॅनियमची. पण मूर्ती आधीच जमिनीत पुरून ठेवल्यामुळे वाचली, असं सांगतात. ज्या देवळाचा जीव झाकलेल्या पेटीत आहे, त्याला भिंती बदलता येतात. गाभाऱ्याचा दगड, शिखराचा घाट यांवर ज्याचं देवपण टांगलेलं असतं, त्याला हे परवडत नाही.

तरीही एक जण उरतोच, जो म्हणतो की तिथे लोक देवासाठी जातच नाहीत. त्याच्यासाठी दोन पुरावे. एक म्हणजे ओमिकुजी: शंभर येन टाकायचे, डबा हलवून काडी काढायची आणि त्या क्रमांकाच्या खणातलं भविष्य वाचायचं. सेन्सोजीत अशुभ चिठ्ठ्या शंभरात तीस, असा लौकिक आहे. नुसता धंदा करायचा असता तर गिऱ्हाइकाला पैसे घेऊन ‘खटला हराल, आजार लांबेल’ असं कोण सांगेल? आपले ज्योतिषी निदान एखादी शांत तरी सुचवतात. इथे चिठ्ठी दांडीला बांधायची आणि मुकाट्याने चालू लागायचं. दुसरा पुरावा जुलैचा. ९ आणि १० जुलैला केलेली एक वारी सेहेचाळीस हजार दिवसांच्या वाऱ्यांइतकी मानतात, म्हणजे सुमारे १२६ वर्षांची. पुण्याचाच हिशेब असता, तर एकदा जाऊन आलेल्याने पुन्हा तिकडे फिरकायचं कारण नव्हतं. उरलेला जन्म, शिवाय पुढच्या जन्माची थोडी आगाऊ हजेरीसुद्धा लागून गेली. प्रत्यक्षात ११ जुलैला पाहा. गल्लीत गर्दी आहे, धुराभोवती माणसं डोक्यावरून हात फिरवताहेत, कालच १२६ वर्षांची सोय केलेले आजोबा आजही पेटीत नाणं टाकताहेत, आणि समोर दिसत काहीच नाही.