दहा मिनिटांचं शहर

सांगलीत सगळं दहा मिनिटांवर. म्हणूनच सातच्या कार्यक्रमाला माणसं सात वाजता घरून निघतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा नारळ इथंच फोडला. आता नाटकं बघायच्या वयाची पोरं पुण्यात. रविवारी रात्री ट्रॅव्हल्सच्या डिकीतून भडंगाची पाकिटं तेवढी त्यांच्यासोबत जातात. खासगीपणा म्हणाल, तर मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची साधी गोळी घ्या, घरी पोचायच्या आत आत्याचा फोन : "अँजिओग्राफी कधी रे? कळवलं पण नाहीस!" भाडं मात्र परवडतं. कृष्णाकाठी फ्लॅट बघताना २०१९ चा पूर कुठवर आला होता, तेवढं विचारून घ्या. एजंट त्याला 'रिव्हर व्ह्यू' म्हणतो. नदीलाही तिथून तुमचा हॉल छान दिसतो.