न्हाणीत लाकडी फरशी : नवशिक्यांसाठी

पुण्याच्या पाहुण्यांकडची लाकडी जमीन पाहून आलात आणि मुखेडच्या आपल्या चार बाय सहाच्या न्हाणीतली शहाबादी डोळ्यात खुपायला लागली, तर लाज वाटून घेऊ नका. पुण्याचं वारं लागलं की हे व्हायचंच. स्वीडनमध्ये १९७७ साली लॅमिनेटचा शोध लागला, तेव्हा कुणाच्याही डोक्यात न्हाणी नव्हती. ती उणीव आपण भरून काढू.

१. मिस्त्रीला विचारू नका. तो ओट्यावर बसून तंबाखू मळत म्हणेल, "काय करायलाव, मालक? न्हाणीत लाकूड टिकतंय का?" त्याला सांगा, हे लाकूड नाहीच. लाकडाचा भुगा राळेत दाबून केलेली पट्टी आहे, वर सागवानाचा फोटो आणि फोटोवर मेलामाइनचा थर. हे ऐकून तो आणखी काळजीत पडेल. पडू द्या.

दुकानदार एसपीसी नावाची, पाण्याला न भिणारी पट्टीही दाखवील. ती घेऊ नका. तिच्यात मर्दुमकी नाही.

२. न्हाणी चोवीस चौरस फुटांची, एका खोक्यात पट्ट्या साधारण वीस-एकवीस फुटांच्या. म्हणजे दोन खोकी. उरलेलं माळ्यावर जपून ठेवा, लवकरच लागेल.

३. आणलेली खोकी न उघडता ४८ तास न्हाणीतच आडवी ठेवायची असतात, म्हणजे पट्ट्यांना तिथल्या हवेची सवय होते. दोन दिवसांत खोक्यांना न्हाणीची सवय लागेल आणि घरच्यांची मोडेल. शेजाऱ्यांकडे बादली घेऊन जाताना कारण सांगू नका.

४. आता मुख्य काम. तुमच्या वडिलांच्या काळात एका गवंड्याने पाणसळ धरून, गुडघ्यावर बसून, जाळीकडे ढाळ काढला होता. तो नाहीसा करा. लॅमिनेटला जमीन सपाट लागते. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखल चालत नाही. न्हाणीला नेमकं उलटं लागतं. दोघांचं भांडण सिमेंटने मिटवा. ढाळ भरून निघाला की पाणी मधोमध उभं राहील आणि कुठं जावं याचा विचार करत बसेल. जाळीपुरती पट्टी गोल कापावी लागते. कापलेल्या कडेला मेलामाइन नसतं, म्हणून पाणी तिथूनच आधी आत शिरतं. त्या कडेकडे पाहू नका.

५. फोम अंथरा, पट्टीत पट्टी अडकवा. भिंतीलगत चारी बाजूंनी आठ-दहा मिलिमीटर फट ठेवा. पट्ट्या फुगतात, त्यांना पसरायला जागा हवी. साबणाचे तुकडेही तिथेच जातील. ही जमीन खाली चिकटलेली नसते, नुसती टेकलेली असते, त्यामुळे तिच्यावर जड काही ठेवून तिला जखडायचं नसतं. आता तो कोपऱ्यातला दोनशे लिटरचा निळा ड्रम. भरला की दोन क्विंटल. उन्हाळ्यात नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात ड्रम फेकता येत नाही. तो बैठकीत सोफ्याशेजारी हलवा. वर क्रोशाचं झाकण घाला.

६. मुहूर्त मात्र सांभाळा. मृगात हात लावू नका. एप्रिल-मे उत्तम. पारा बेचाळीसच्या पुढे, बोअर आटलेलं, टँकरची वाट. न्हाणीत पाणीच नाही म्हटल्यावर लॅमिनेटचा शत्रू कोण? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लातुरात बसवलेली लाकडी न्हाणी कुठल्याही कंपनीने जाहिरातीत मिरवली असती. मराठवाड्याचा दुष्काळ इतक्या समित्यांनी अभ्यासला. फरशीसाठी त्याचा उपयोग कुणालाच सुचला नाही.

७. आंघोळ. कंपनी सांगते, फडकं घट्ट पिळून पुसा, पाणी साचू देऊ नका. तसंच करा : पंचा पिळून अंग पुसा, साचू नका. डोकं धुवायचं असेल तर अंगणात. बोअरच्या खारट पाण्याचे पांढरे डाग पडले तर ॲसिड ओतू नका, सागवानाचा फोटो निघून येईल. व्याही आले तर त्यांना न्हाणी दाखवा, पण वापरू देऊ नका. बाहेर उभं राहून "चप्पल काढा बरं का" म्हणायला विसरू नका.

८. पहिल्या पावसाळ्यात सांधे वर येतील. वॉरंटी कार्ड काढा, चष्मा लावा, बारीक अक्षरं वाचा. साचलेलं पाणी, वाफ आणि ओलावा सोडून बाकी सगळं त्यात आहे. मग माळ्यावरचं खोकं खाली घ्या. फुगलेल्या पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून बंबात घालायचा मोह होईल. घालू नका, त्यांच्या राळेत फॉर्मल्डिहाइड असतं, धुराने डोळे झोंबतील. बंबाला तुराट्याच बऱ्या.