डबी आधी, धबधबा मग

ज्यांची मुलं पोर्टलंड-सिएटलकडे नोकरीला आहेत आणि जे सहा महिने तिकडे राहायला जातात, त्या सर्व आई-बाबांना एक दिवस सांगितलं जातं, ‘लाँग वीकेंडला रोड ट्रिप करू.’ आई-बाबा भोळेपणानं स्वेटर, कॅमेरा आणि दशम्या बांधतात. तासाभरात गाडी हायवे सोडून एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरते. जावई उतरतो, दिव्याच्या खांबाच्या बुडाशी असलेलं पत्र्याचं झाकण वर उचलतो आणि आतून कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी काढून टाळी मागतो. (मुलगा किंवा सूनही असू शकते, सोयीसाठी जावई म्हणू.) सहल जिओकॅशिंगची, म्हणजे जीपीएसवरून लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळाची आहे, हे इथे उघड होतं. परत फिरायची सोय नसते. प्रस्तुत मार्गदर्शन अशा प्रवाशांसाठी आहे.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास पाठ करावा, जावयाला बरं वाटतं. नागरी वापराच्या जीपीएस सिग्नलमध्ये अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० च्या सुरुवातीला हा प्रकार बंद झाला आणि शंभर मीटरपर्यंतचा घोळ दहा-वीस मीटरवर आला. जहाजं, विमानं, शेतकरी यांनी याचा काय फायदा करून घेतला ते सोडून द्या. ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक भागातल्या जंगलात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केले. बादलीत सॉफ्टवेअरच्या सीडी, व्हिडिओ कॅसेट, पुस्तक, थोडे डॉलर आणि बीन्सचा डबा होता. नियम सोपा: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. लष्करानं अब्जावधी डॉलर खर्चून आकाशात उपग्रह सोडले ते या बीन्ससाठी, अशी जावयाची श्रद्धा असते. ती दुखवू नये. बादलीच्या जागी आता स्मृतिफलक आहे आणि यात्रेची सुरुवात तिथूनच करायची आहे.

मूळ जिओकॅशर यात्रा त्रिस्थळी आहे. बीव्हरक्रीकचा फलक, सिएटलमधलं या खेळाचं मुख्यालय आणि स्नोक्वाल्मी खिंडीजवळचा एक जुना डबा. हौशी मंडळी ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात उरकतात. कुटुंब बरोबर असेल तर उरकत नाहीत, कारण कुटुंबाला मध्येच डोंगर, नद्या वगैरे दिसतात.

थांबे किती असतील, असा प्रश्न बाबा विचारतात. दोन डब्यांमध्ये साधारण १६१ मीटर अंतर हवं, असा नियम आहे. बीव्हरक्रीक ते सिएटल तीनशे किलोमीटर धरले, तर अठराशेहून जास्त थांबे तत्त्वतः शक्य आहेत. हा हिशेब मनात करावा, मोठ्यानं करू नये. नेवाडातल्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्यावर लोकांनी अशी डब्यांची रांगच्या रांग खरोखर लावली होती. सरकारनं त्या रस्त्याला परग्रहवासीयांचं नाव दिलं आहे, तेव्हा शोभलंच म्हणायचं.

कामांची वाटणी आधी करावी. जावई शोधणार, लेक गाडी चालू ठेवणार, नातू ‘इथे नाहीये’ म्हणणार. आईंकडे पहारा. खेळ ठाऊक नसलेल्या सामान्य माणसाला या मंडळींत हॅरी पॉटरच्या गोष्टीवरून ‘मगल’ म्हणतात आणि मगलांच्या देखत डबी काढायची नसते. आईंची इथे पंचाईत होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, तिच्यात बॉम्ब असू शकतो, हे दादर स्टेशनवर ऐकण्यात त्यांचा जन्म गेलेला. आता तीच वस्तू शोधायची, उघडायची आणि तिच्यात सही करायची. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. संशयावरून पोलिसांच्या बॉम्बपथकानं निरुपद्रवी डबे उडवून दिल्याची उदाहरणं आहेत. म्हणून चेहरा निर्विकार ठेवावा. फोनवर बोलण्याचं सोंग चालतं. ‘कानातलं पडलं’ हे कारण मात्र कधीही सांगू नये. अमेरिकन माणूस परोपकारी असतो, तो गुडघ्यांवर बसून शोधू लागतो, बायकोलाही बोलावतो, आणि मग अर्धा तास सगळे मिळून नसलेलं कानातलं शोधत राहतात. डबी तीन फुटांवर.

डब्यांना अवघडपणाचे गुण असतात, एक ते पाच. शोधण्याचे वेगळे, पोहोचण्याचे वेगळे. पोहोचण्याचा एक म्हणजे व्हीलचेअरनंही जाता येतं. बाबांच्या गुडघ्यांची मर्यादा दीड. पाच म्हणजे दोर, होडी किंवा त्याहून भारी काही लागणार. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एक कॅश (या खेळातलं डबीचं नाव) नोंदवली, तिलाही पाचच. ती या सहलीत घेऊ नये, पार्किंग नाही.

सामानात पेन आणि पेन्सिल दोन्ही हवीत. तिकडच्या पावसात नोंदीच्या कागदाचा लगदा झालेला असतो आणि लगद्यावर पेन चालत नाही. डब्यातली एखादी वस्तू घेतली तर त्याच तोलाची दुसरी ठेवावी लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटून उरलेलं वाण इथे कारणी लागतं. आरसे, कंगवे, टिकल्यांची पाकिटं, देवीचं चित्र असलेली कीचेन, ज्यांना घरात कोणी हात लावत नाही, ती ओरेगनच्या जंगलात हातोहात खपतात. खाण्याचा पदार्थ मात्र ठेवता येत नाही, प्राण्यांना वास येतो. आईंनी तिळाची वडी आत सरकवली आहे का, ते झाकण लावण्यापूर्वी बघून घ्यावं.

डबी सापडलीच नाही, तर तशी प्रामाणिक नोंद करायची असते. त्यानंतरची पंधरा मिनिटं जावयाशी बोलू नये.

आता खरा धोका, म्हणजे निसर्गसौंदर्य. पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या घळीत गेलं की मल्टनोमा धबधबा लागतो. ६२० फूट, दोन टप्प्यांत पडणारा, मधोमध पूल. उन्हाळ्यात गाडीसाठी आधी वेळ राखून ठेवावी लागते. अनुभवी शोधक अशा ठिकाणी धबधब्याकडे पाठ करून कठड्याच्या खाली हात फिरवतो. पर्यटकांना वाटतं, याला भोवळ आली. परंतु या परिसरात एक वेगळी जात आढळते, तिच्यापासून सावध राहावं. तिला अर्थकॅश म्हणतात आणि तिच्यात डबीच नसते. त्या जागी जायचं, समोरचा खडक नीट बघायचा आणि भूगर्भशास्त्राचे प्रश्न सोडवून उत्तरं पाठवायची. म्हणजे शुद्ध फसवणूक. जावई खडकाकडे बघतो आणि त्याला खडक दिसतो.

इथे बाबा पुढे होतात. आयुष्यभर राजगड-तोरण्याच्या वाऱ्या केलेला माणूस. त्यांना कड्यात थर दिसतात, एकावर एक निजलेले, मधल्या फटींतून झुडपं. ‘हा आपलाच की काळा पाषाण!’ आणि ते बरोबर असतं. कोलंबियाचं पठारही आपल्या दख्खनसारखं लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेलं. आपलं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, हे दीड-पावणेदोन कोटींच्या घरातलं. ‘त्या मानानं पोरगंच आहे,’ असं म्हणून बाबा थर मोजायला लागतात आणि मग दुपार त्यांच्या ताब्यात जाते. वेळापत्रक कोसळतं. खोट काढायची तर एवढीच, की या दोन तासांत एकही डबी सापडत नाही आणि कोणाला त्याचं काही वाटतही नाही. मार्गदर्शक म्हणून मी याला उत्तेजन देऊ शकत नाही.

माउंट रेनियरची काळजी नको. १४,४१० फुटांचा बर्फाळ ज्वालामुखी आहे, आकाश स्वच्छ असेल तर हायवेवरूनच दिसतो; पण राष्ट्रीय उद्यानांत डबे लपवायला सहसा परवानगी नसते. तेव्हा खिडकीतून नमस्कार करून पुढे चालावं. ‘त्याच्या पायथ्याशी जाऊ या ना,’ असं लेक म्हणेल. डोंगर कुठे पळून जात नाही, हे उत्तर रेनियरच्या बाबतीत भूगर्भशास्त्रज्ञ छातीठोकपणे देणार नाहीत, तरी द्यावं.

सिएटलचं मुख्यालय फ्रिमाँट भागात आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता उघडं असतं ते आधी पाहून जावं. या भागात पुलाखाली खरीखुरी फोक्सवॅगन मुठीत धरून बसलेला सिमेंटचा राक्षस आहे आणि जवळच, भर अमेरिकेत, लेनिनचा पुतळा. बाबांना लेनिनपाशी सोडल्यास बाकीच्यांना मुख्यालय निवांत पाहता येतं.

शेवटचं स्थळ स्नोक्वाल्मी खिंडीजवळचं, बोगद्यापलीकडचं. २००१ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी जगभर डब्यांची एक मालिका लपवली होती, त्यातला हा नववा. मधल्या काळात चोरीला गेला, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाला. हायक गावाकडून जायचं, तर रेल्वेच्या जुन्या बोगद्यातून पावणेचार किलोमीटर पायी चालावं लागतं. आत दिवा नाही, भर उन्हाळ्यात थंडी, वरून ठिबकतं. हिवाळ्यात दारं बंद. माणशी एक बॅटरी घ्यावी. कर्जत-लोणावळ्याचे बोगदे मोजण्यात लहानपण गेलेल्यांना पलीकडचा उजेडाचा ठिपका जवळ वाटतो. तो जवळ नसतो.

डबा लष्करी, जाडजूड. वहीत सगळ्यांची नावं देवनागरीत लिहावीत, तपासणाऱ्याचा तेवढाच व्यायाम. परतीच्या वाटेवर मात्र सावध. त्या मालिकेतले बहुतेक डबे केव्हाच नाहीसे झाले. आणखी एक तग धरून आहे तो ब्राझीलमध्ये. जावयाला हे ठाऊक असतं. ब्राझीलचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याला वेळ लागतो, हे त्याच्या कानावर घालावं. आणि बोगद्याबाहेर रेंज येताच आई विमानाची भाडी बघायला लागल्या असतील, तर त्यांचा फोन चार्जिंगच्या निमित्तानं काढून घ्यावा.