तीरकामठा लाखांचा झाला

मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत सांघिक सुवर्णही जिंकलं. जिल्ह्याची मान उंचावली. आता मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेची एखादी मुलगी म्हणाली, ‘मलापण हेच खेळायचंय,’ तर तिच्या हातात काय देणार आहात?

प्रथमेशचं धनुष्य कंपाउंड. बाण, साइट, रिलीज असा सगळा संच धरला, की खर्च लाखांत जातो. कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात हा विषय चहा संपायच्या आत मिटतो.

हे कंपाउंड मुळात जन्मलं शिकारीसाठी. अमेरिकेतल्या मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढाल तितका भार वाढत जातो, दंड थरथरायला लागतो. ॲलनने टोकांना चाकं बसवली. आजच्या कंपाउंडची दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार निम्म्याहून खाली येतो आणि नेम धरून निवांत थांबता येतं. जुनं धनुष्य पेलायला लागणारा वर्षांचा सराव ज्यांच्याकडे नव्हता, तेही मग तिकडे जंगलात उतरले. जुन्या वळणाच्या शिकाऱ्यांनी नाकं मुरडली, पण माणसं वाढली.

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली आणि ते योग्यच झालं. उरला खेळ. अमेरिकेत ज्या यंत्राने दार उघडलं, तेच इथे किमतीपायी दार लावून घेतं. सातपुड्यातल्या भिल्लाचं कामठं बांबूचं, दोरीही बांबूच्याच सालीची. त्याला दुकानाची पायरी चढावी लागत नव्हती.

राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ आहे. ते धनुष्य काही हजारांत येतं. तरी त्याच्याकडे ‘गरिबाचा प्रकार’ म्हणून बघितलं जातं, याची मला चीड येते. उभं कसं राहायचं, श्वास कुठे धरायचा, बोटं कधी सोडायची, हे बांबूवरही शिकता येतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय. म्हणजे सगळ्यांच्या नजरा आणि पैसा आणखी तिकडेच वळणार.

म्हणून मागणी आत्ताच करतो. मोठ्या गावांतल्या शाळांना बांबूची धनुष्यं द्या. तालुक्याला दोन-तीन कंपाउंड सरकारी मालकीची ठेवा. मुलाच्या हाताप्रमाणे ओढीची लांबी बदलता येणारी धनुष्यं बाजारात मिळतात. एकावर तीन-चार पोरं आळीपाळीने सराव करतील. आणि धामणगाव बढेच्या एखाद्या क्रीडाशिक्षकाला आधी बुलढाण्यात नीट प्रशिक्षण द्या, कारण निशाणामागे माणूस-जनावर फिरकणार नाही हे बघणारं कुणीतरी मैदानावर रोज हवं.